कोथिंबिरीचं वाक्य

अठराव्या पेपरातही तेच वाक्य निघालं, तेव्हा प्रतिभा मॅडमनी लाल पेन खाली ठेवलं.

'माय मदर्स हॅन्ड्स आर ॲज कोल्ड ॲज मॉर्निंग कोथिंबीर.'

प्रश्न साधा होता. सिमिली (उपमा) म्हणजे काय ते लिहा आणि स्वतःचं एक उदाहरण द्या. 'स्वतःचं'खाली ठळक रेघ होती. मॅडमनी गठ्ठ्यातले उरलेले पाच पेपरही चाळले. तेवीसच्या तेवीस मुलांच्या आयांचे हात सकाळच्या कोथिंबिरीसारखे गार होते.

संस्थेच्या सगळ्या शाळांतल्या नववीच्या मुलांची ही शिष्यवृत्ती परीक्षा. पेपर नाशिकच्या मुख्य शाळेत तपासायचे. मॅडमच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. नाउन, व्हर्ब, टेन्स, सिमिली, मेटाफर. चौतीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतून आता त्यांचा हात भरून आला होता. कधी एकदा इंदिरानगरला घरी जाऊन आडवं पडतो असं झालं होतं.

पूर्वी त्या अशा नव्हत्या. सायखेड्याच्या पहिल्या नोकरीत एखादं उत्तर आवडलं की शेऱ्याशेजारी पाच टोकांची लहानशी चांदणी काढायच्या. मुलं त्या चांदणीसाठी भांडायची. ती सवय कधी सुटली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नियम स्पष्ट होता. पाचाहून जास्त पेपरांत एकच उत्तर सापडलं, तर ती सामूहिक कॉपी. शिक्षकाचं म्हणणं नोंदवायचं, गठ्ठा सील करायचा. सगळ्यांचा निकाल रद्द. हा गठ्ठा ज्या शाळेचा होता, त्या शाळेला मॅडमनी फोन लावला. "इंग्रजीच्या सरांना पाठवा. काही लेखी पुरावा असेल तर सोबत द्या."

दुपारी शिपाई लंकाबाई दारात आल्या. "मॅडम, पेठकडच्या शाळेचे भारत सर आलेत."

भारत सर पंचेचाळिशीचे, टक्कल पडलेले, काखेत कापडी पिशवी. आत पाऊल टाकताच ते थबकले आणि मॅडमकडे बघतच राहिले.

"बसा," मॅडम म्हणाल्या. त्यांचं लक्ष अहवालाच्या कागदावर होतं. "काय सांगायचंय?"

"पोरांनी कॉपी नाय केली, बाई. मीच फळ्यावर लिहून देतो. दर वर्षी."

"स्वतःचं उदाहरण विचारलंय. तुमच्या डोंगरात कोथिंबीर कोण लावतं?"

"कोणी नाय. माझी आई विकायची. पहाटे ओल्या जुड्या बांधायची. मी आठवीत लिहिलेलं वाक्य हाये ते."

"आणि तेच पोरांच्या माथी मारलंत. असं शिकवायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

सरांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "होत्या एक बाई. त्यांच्यामुळं शिक्षक झालो."

"मग त्या बाईंनी तुमचं नुकसानच केलं."

"तसं नका म्हणू," सर हळू आवाजात म्हणाले. "बाई, हर्षाली म्हणून एक पोरगी हाये. पहिली आली असती. नाशकात वसतिगृहाला जागा मिळाली असती तिला. नायतर दहावीनंतर घरीच बसणार ती."

मॅडमना वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायचंही त्राण राहिलं नव्हतं. "नियम मी केलेला नाही. पुरावा आणलाय का?"

"आणलाय. पण द्यावा का नाय, ते कळंना. तुम्हाला अवघड जायचं."

"मला काय अवघड जायचंय? द्या इकडे."

सरांनी पिशवीतून एक जुनी वही काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. "मी बाहेर थांबतो," म्हणाले आणि जाता जाता दार ओढून घेतलं.

मॅडमनी आधी अहवाल पुरा केला. 'शिक्षकाने एकच उदाहरण पाठ करून घेतले. कारण : चुकीची अध्यापन पद्धत.' खाली सही केली. लंकाबाईंना लाख आणि मेणबत्ती आणायला सांगितली. गठ्ठ्याला दोरा बांधला. आता तेवढी वही जोडायची राहिली होती.

खूण घातलेलं पान त्यांनी उघडलं. कागद पिवळा पडला होता. वर निळ्या शाईत, पोरसवदा अक्षरात कोथिंबिरीचं वाक्य होतं.

त्याखाली लाल शाईत शेरा होता : 'फार सुंदर. मोठा झालास की हे वाक्य मुलांना शिकव.' शेजारी पाच टोकांची लहानशी चांदणी होती.