आमदारांची मान

"वरच्या पाड्यावर घरोघरी नळाचं पाणी पोचलं," असं आमदार हेमलता भोये माईकवर म्हणाल्या आणि त्यांच्या मानेत कळ उठली.

मतदाराच्या आणि आमदाराच्या मनगटात बसवतात तो कण आता कुणालाच नवा नव्हता. मतदारसंघात कुणाचं काही फार दुखलं, की ते आमदारालाही दुखायचं. माणूस जवळ असेल तर जास्तच. गेल्या अधिवेशनात कुणाची तरी दाढ ताईंनी भर सभागृहात सोसली होती.

ही कळ मात्र वेगळी होती. डोक्यावर वजन असल्यासारखी ती मानेतून पाठीत उतरत होती. ताईंना नवल वाटलं. समोर तर सगळे खुर्च्यांवर निवांत बसून टाळ्या वाजवत होते.

"इथं कुणाची मान दुखतेय का?" त्यांनी विचारलं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणाचीच दुखत नव्हती.

"मग सभेला कोण आलं नाही?"

"वरच्या पाड्यावरच्या बाया," पुढच्या रांगेतली म्हातारी म्हणाली. "त्या आत्ता कशा येतील, ताई? हंडे घेऊन झऱ्यावर गेल्या असतील."

सरपंच घाईघाईनं उठले. "ताई, नळ बसवलेत! मी स्वतः फोटो पाठवलेत तुम्हाला."

"फोटो बघूनच तर बोलत होते मी," ताई म्हणाल्या आणि माईक त्यांच्या हातात देऊन मंचावरून उतरल्या.

मंडपाबाहेर दोन वाटा फुटत होत्या. ताई डावीकडे थोडं चालून थांबल्या, मागे फिरल्या आणि उजवीकडची वाट चढायला लागल्या. तिकडे मान जास्त दुखत होती.