पहिल्या हाकेला

ब्रितोने कबरीवरच्या क्रुसाला बोट लावलं. बोटाला थोडा काळा रंग आला. त्याने नुरिसकडे पाहिलं.

"ताजा दिसतोय, बाई."

"काल मृतांचा दिवस झाला ना साहेब. सगळ्यांनीच रंगवलेत." नुरिसने घोकलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. आजूबाजूचे क्रूस खरोखरच ओले चमकत होते. पोराला बेसबॉल शिकवणाऱ्या कीकोने मुहूर्त बघूनच रंगाचा डबा पाठवला होता.

ब्रितो हा अमेरिकी बेसबॉल क्लबचा तपासनीस. क्लब ज्या पोराशी करार करणार तो सांगतो तेवढ्याच वयाचा आहे ना, हे घरी, शाळेत आणि वेळ पडली तर दफनभूमीत जाऊन बघायचं, हे त्याचं काम. सोळा वर्षांच्या पोरासाठी क्लब जीव टाकतात. तोच पोरगा, तोच हात, एकोणिसाव्या वर्षी त्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही.

नुरिसला दोन मुलगे झाले. थोरला इस्मेल, आता एकोणीस पुरा. धाकटा योहान सातव्या वर्षी तापाने गेला. असता तर यंदा सोळाचा असता. पोरांना तयार करून क्लबच्या गळ्यात मारणाऱ्या कीकोच्या ते बरोबर लक्षात आलं. वर्षापूर्वी त्याने योहानचा जन्मदाखला मागून घेतला आणि इस्मेलच्या हातात ठेवला. नुरिसनेच तो पेटीतून काढून दिला होता. आता क्रुसावर योहानचं नाव नव्हतं. इस्मेलचं होतं.

आणि खरा इस्मेल वीस पावलांवर त्यांच्याकडे पाठ करून उभा होता, भिंतीपलीकडच्या मैदानाकडे तोंड करून. तिथे कीकोची पोरं खेळत होती.

"थोरला कशाने गेला?" ब्रितोने वही उघडली.

"तापाने."

"किती वर्षांचा होता?"

"दहा."

"खेळायचा का तोही?"

हा प्रश्न कीकोने घोकून घेतला नव्हता.

"नाही. चेंडूला भ्यायचा. त्या भिंतीवर बसून नुसत्या टाळ्या वाजवायचा. कोणीही पळालं तरी टाळ्या. दोन्ही बाजूंसाठी."

हे मात्र खरं होतं. योहान अस्साच होता. नऊ वर्षांत त्याच्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नव्हता, आणि आज विचारला तो दुसऱ्याच्या नावाने.

ब्रितो हसला, लिहू लागला. तेवढ्यात पलीकडे बॅटचा टणत्कार झाला. चेंडू भिंतीवरून आत आला तो थेट इस्मेलच्या डोक्याच्या रोखाने. पोरगा खाली मान घालून बुटाची नाडी बघत होता.

"इस्मेल!"

नुरिसच्या तोंडून गेलंच. चेंडू त्याच्या कानाजवळून सणकन गेला आणि मागच्या कबरीवर आदळला. इस्मेल वळला नाही. त्याची मानसुद्धा हलली नाही.

वर्षभर कीकोने हेच करून घेतलं होतं. पोरगा सराव करत असला की हा मागून एकदम ओरडायचा, "इस्मेल!" मान जरा हलली की मैदानाला वीस फेऱ्या. वर म्हणायचा, "पळताना मागे बघितलंस की एक पाऊल गेलं, लेका. बेसबॉलचा पहिला धडा." नुरिसने लहानपणी पोरांना वेगळा धडा दिला होता. आईने हाक मारली की पहिल्या हाकेला ओ द्यायची. थोरला इतका गुणाचा की शेजारणी आपापल्या पोरांना त्याचा दाखला द्यायच्या.

ब्रितोची पेन्सिल थांबली होती.

"काय म्हणालात, बाई?"

ती क्रुसाजवळ बसली, त्याला तिने मिठी मारली. "इस्मेल," ती म्हणाली, "इस्मेल, माझ्या राजा..." बसली ती घाबरून, काहीतरी निभावून नेण्यासाठी. रडू आलं ते मात्र खोटं नव्हतं. ओला रंग तिच्या गालाला लागला.

ब्रितोने टोपी काढली. "माफ करा. तुम्हाला इथे आणायलाच नको होतं मी." त्याने वहीत एक खूण केली आणि वही मिटली.

इस्मेलने चेंडू उचलला आणि भिंतीवरून परत फेकला. चेंडू मैदान ओलांडून पार पलीकडच्या टोकाच्या पोराच्या हातात जाऊन पडला. ब्रितो बघतच राहिला.

"एवढा चेंडू कानाजवळून गेला, पण पठ्ठ्या हलला नाही," तो म्हणाला. "खेळ पोरांना शिस्त लावतो बघा. उद्या सह्या करून टाकू."

तो फाटकाकडे गेला. गाडीचं दार लागलं, गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत नुरिस तशीच बसून राहिली. करार झाल्यातच जमा होता. पोराचं आयुष्य मार्गी लागलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता.

"इस्मेल," तिने हळूच हाक मारली. "गेला रे तो."

पोरगा पाठमोराच उभा होता.

"इस्मेल, बाळा. कोणी नाही आता. ओ दे."

पलीकडे कोणीतरी पळालं, पोरं ओरडली. तो तिकडेच बघत राहिला.

नुरिसने हाताच्या पालथ्या बाजूने गाल पुसला. आणखी एक हाक तिच्या ओठांवर आली. ती मारू नये असं तिला फार वाटलं.

"योहान," ती म्हणाली.

"ओ, आई," तो म्हणाला आणि वळला.