दोन्ही बाजू ऐकून

सहामाही परीक्षेनंतरच्या पहिल्या सोमवारी, मधली सुट्टी संपताच, मुख्याध्यापिकांच्या खोलीत फुटलेल्या दुर्बिणीची चौकशी सुरू झाली. समोर दोघे उभे होते, एकाच वर्गातले: जिला सारी शाळा वकीलबाई म्हणे ती मुलगी, आणि ज्याला सारी शाळा मौनीबाबा म्हणे तो मुलगा. भिंतीलगतच्या खुर्चीवर वादविवादाचे सर बसले होते. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कोणालाही शिक्षा करायची नाही, आणि ऐकताना एक शिक्षक हजर असावा, हा त्या शाळेचा स्थापनेपासूनचा नियम होता. शाळेला त्याचा अभिमान होता.

घडले ते थोडक्यात असे. शनिवारी गच्चीवरच्या खोलीत ही दोघेच होती. दुर्बीण स्टँडवरून पडली आणि तिची पुढची काच तडकली. कोणाच्या हातून पडली, एवढाच प्रश्न होता. ज्याच्या हातून पडली असेल, त्याला गच्चीची खोली कायमची बंद होणार होती. आणि त्या खोलीखेरीज मौनीबाबाचे शाळेत दुसरे काहीच नव्हते. डबासुद्धा तो तिथेच खाई.

"आधी तू बोल," मुख्याध्यापिका मुलीला म्हणाल्या.

ती एक पाऊल पुढे आली. "बाई, विज्ञानाच्या सरांना न विचारता वर जायचं मीच सुचवलं. ती चूक माझी, आणि त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. दुर्बिणीला याच्याइतकं जपणारं शाळेत कोणी नाही, हेही सांगायला हवं. पण त्या दिवशी घाई झाली. हा स्क्रू ढिला करत होता, मी दाराशी होते." ती मुलाकडे वळली. "तूच सांग ना, स्टँडचे स्क्रू नेहमी कोण फिरवतं?"

सरांची पाठ ताठ झाली. लहान दोष आपणहून आधी कबूल करावा. मग प्रतिपक्षाची स्तुती करावी. मग असा प्रश्न विचारावा, की ज्याचे खरे उत्तरही त्याच्याच अंगलट येईल. हा क्रम त्यांनीच तिला शिकवला होता. परंतु क्रमावरून काही सिद्ध होत नाही, खरे बोलणाऱ्यालाही क्रम लागतोच, असा युक्तिवाद त्यांनी मनाशी केला. तेवढ्यात त्यांनी तिची नजर पाहिली. ती मुलाच्या डोळ्यांत पाहत नव्हती. किंचित वर, कपाळाकडे पाहत होती. न पटणारी बाजू वाट्याला आली तर समोरच्याच्या कपाळाकडे पाहावे, ऐकणाऱ्यांना फरक कळत नाही, हेही त्यांनीच शिकवले होते. पटलेली बाजू मांडताना ती थेट डोळ्यांत पाही.

"मीच," मुलगा म्हणाला. "नेहमी मीच फिरवतो. पण..."

"पण काय? बोल रे बाळा. इथे तुला कोणी खात नाही."

"मी नाही पाडली."

"मग कोणी पाडली?"

मुलाने मुलीकडे पाहिले नाही. तो सरांकडे पाहत होता.

"सर, तुम्ही दोघांनाही शिकवता," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुमचं काय म्हणणं?"

आंतरशालेय वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी शुक्रवारी होती, आणि जिच्यावर ठपका असेल तिला शाळेच्या वतीने बोलता येत नसे. या गोष्टीचा आपल्या उत्तराशी काडीचाही संबंध नाही, असे सरांनी स्वतःला बजावले. नजर म्हणजे पुरावा नव्हे. हे विधान निर्दोष होते, आणि त्यावरून पुढचे विधान आपोआप निघत होते.

"दोघंही गुणी आहेत, बाई," ते म्हणाले. "मी तिथे नव्हतो. मी काय सांगणार?"

मुख्याध्यापिकांनी सुस्कारा सोडला. मुलीने निदान आपली चूक तरी कबूल केली, असे त्या म्हणाल्या; तिला समज पुरे. त्यांनी हात पुढे करण्याची मुलाने वाट पाहिली नाही. त्याने खिशातून गच्चीच्या खोलीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि ती घरंगळू नये म्हणून क्षणभर बोटाने दाबून धरली.

बाहेर व्हरांड्यात मुलीने सरांना गाठले. तिचा चेहरा उतरला होता.

"सर, ठीक झालं ना?"

"वर्गात जा," सर म्हणाले.

मुलगा जिन्यापाशी पोचला होता. खालच्या वर्गात पाढे चालले होते. सरांनी भराभर जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे बघ, तू बोलायला हवं होतंस. आपली बाजू आपणच मांडायची असते."

"मांडली की, सर. मी नाही पाडली म्हणून सांगितलं."

"अरे, तीन शब्द! तेवढ्याने कोणाला काय कळणार?"

मुलाने खांदा हळूच सोडवून घेतला.

"तुम्हाला कळलं होतं, सर."