पुढची खेप

सुगतने राजीनाम्याचा कागद चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला, बिअरच्या पाचही टाक्यांवरून एकदा हात फिरवला आणि मोटरसायकलला किक मारली. टाक्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. हीच तर अडचण होती.

बिअर उत्तम होती, असं त्याचं मत होतं. पण ते मत त्याच्या एकट्याचं होतं आणि तेही अर्धंच. पंचशीलातलं पाचवं, नशा न करण्याचं शील मोडू नये म्हणून तो घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. त्याची आई सरजाबाई एवढ्यावरच कशीबशी राजी झाली होती. गिऱ्हाईक म्हणाल तर शनिवारी सहा, रविवारी चार. त्यातले दोघं नुसते शेंगदाणे खाऊन जायचे.

लातुरात एरवी बिअरला पूर आला होता. दोन वर्षांत शहरात ताजी बिअर बनवणारे सहा कारखाने उभे राहिले. एका पेपरने 'बिअरचा लातूर पॅटर्न' असा मथळा दिला. मुलांना शिकवणीला आणून सोडणाऱ्या बापांना संध्याकाळी उद्योग नसतो, म्हणून ही भरभराट, असं आत लिहिलं होतं. त्यातल्या औसा रोडवाल्याने आणखी दोन टाक्या बसवल्या. बार्शी रोडवाला तर दिवसाआड बिअरची नवी खेप शिजायला लावत होता. म्हणजे सगळ्यांची खपत होती. फक्त सुगतची खपत नव्हती.

त्यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की मालक भला माणूस होता.

व्यंकटराव रेणापूरचे. दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. कारखाना सुरू होऊन चौदा महिने झाले, पण त्यांनी विक्री एकदाही विचारली नाही. कधी पाऊलही ठेवलं नाही. खेपेच्या दिवशी सकाळी फोन तेवढा यायचा.

"खेप लागली का?"

"लागली, काका."

"बास."

एवढा विश्वास माणसाला आतून पोखरतो. काल सुगतने शेवटी सांगून टाकलं, की टाक्या रिकाम्या नाहीत.

"मंग मोकळ्या कर की!"

"कशा, काका? कोणी..."

"ते तुझं तू बघ, लेका. खेप चुकायची न्हाई."

आज सकाळी त्याने नांदेडला बायकोला फोन लावला. मनिषा तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. वर्षभरात जम बसला नाही तर नांदेडला येईन, असा शब्द त्याने तिला दिला होता. वर्ष उलटून दोन महिने झाले होते.

"दादाच्या पाण्याच्या प्लांटवर माणूस पायजे," ती म्हणाली. "जार भरायला."

"मनिषा, मी बंगळूरला जाऊन बिअर शिकलो."

"हाव. पण पाणी लोक पितेत तरी."

सुगतने फोन ठेवला आणि राजीनामा लिहायला घेतला.

रेणापूरला पोचेपर्यंत दुपार झाली. व्यंकटराव दारात खाटेवर बसले होते. त्याला बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की सुगतला खिशातला कागद विटेएवढा जड झाला.

"ये, सुगतराव! च्या घेतो का दूध? दूधच घे."

पितळी पेल्यात दूध आलं. वर बोटभर साय होती. सुगतने ते गप पिऊन टाकलं, मिशी पुसली आणि कागद पुढे केला. व्यंकटरावांनी ओठ हलवत एक एक अक्षर वाचलं.

"कामून?"

"काका, तुमचं नुकसान होऊन राहिलं. बिअर खपंना. दोष माझ्या हाताचा हाय. तुमी दुसरा माणूस बघा न्हाईतर कुलूप लावा. त्या औसा रोडवाल्याचं बघा, बार्शी रोडवाल्याचं बघा..."

"त्येंचंच तर बघून राहिलो!" व्यंकटराव उठून उभे राहिले. "औसा रोडवाला फुडं निघून चालला, अन् तू मला सोडून चालला? चल. मागं चल."

घरामागे पत्र्याचा लांबच लांब गोठा होता. चाळीस म्हशी गव्हाणीत तोंड घालून उभ्या होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

वास ओळखीचा होता. सुगत वाकला. गव्हाणीत उकडलेल्या बार्ली-ज्वारीचा चोथा होता, बिअरसाठी रस काढून घेतल्यावर मागे राहतो तो. प्रत्येक खेपेनंतर ट्रॅक्टर येऊन तो उचलून न्यायचा. कुठे नेतो, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. कचरा कुठे जातो हे कोण विचारतं?

"दोन साल झाले, कडबा मिळंना," व्यंकटराव म्हणाले. "औसा रोडवाल्याच्या साठ म्हशी हायत. बार्शी रोडवाल्याच्या ऐंशी. समद्या सहा जणाचं दुधाचंच हाय. एकानं कारखाना टाकला, त्याचं दूध वाढलं, म्हून बाकीच्यानं टाकला. पण तुझ्यासारखा चोथा जिल्ह्यात न्हाई, गड्या. तू ज्वारी घालाय लागला अन् म्हशीमागं लिटरभर वाढलं."

त्यांनी राजीनामा गव्हाणीत टाकला. जवळच्या म्हशीने तो चोथ्यासकट खाल्ला.

"पगार वाढवतो. टाक्या बी घे अजून दोन."

म्हशी डोळे मिटून रवंथ करत होत्या. सुगतने आपल्या हातचं इतकं मन लावून खाताना आजवर कुणाला पाहिलं नव्हतं.

व्यंकटरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "एक खरं सांग, सुगतराव. ते जे पाणी उरतंय चोथा काढल्यावर... पितंय का रे कोणी?"