पहिला अख्खा गुलाब

सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं करता करता ती हसायचंच विसरली होती. “जा क्लासला,” नणंद म्हणाली, “शनिवारी मी बसते. माझा भाऊ मला काही चावत नाही.” ती चॉकलेटची फुलं करायला शिकू लागली. पाकळ्या बोटांच्या उबेनंच वितळायच्या. त्या शनिवारी मात्र पहिला अख्खा गुलाब साधला आणि ती खळखळून हसली. डबा सांभाळत घरी आली, तर दारात शेजारी गोळा झालेले. नवरा गेला होता. “वन्सं, फोन का नाही केलात?” तिनं डबा खाली ठेवला. “हे जात होते आणि मी तिकडं हसत होते!” नणंदेनं तिला जवळ घेतलं. “करणारच होते, वहिनी. दादानं माझा हात धरला. ‘नको बोलावूस,’ म्हणाला. ‘आठवड्यातून तेवढेच दोन तास तिला माझ्यापासून सुटका मिळते. ते पुरे होऊ देत.’”