दुसरा कान

काल दुपारी वीज पडली आणि ऑफिसची फोनलाइन जळाली. आज मेकॅनिकने एक्स्चेंजच्या मशीनमधलं जळालेलं कार्ड बदललं आणि ऑपरेटर बाईंच्या हातात रिसीव्हर दिला.

त्यांनी तो उजव्या कानाला लावला. "आवाज नाही."

त्याने वायर बदलली, मग फोनच बदलला. तरी तेच. साहेब डोक्यावर येऊन उभे राहिले.

शेवटी त्याने स्वतःच ऐकून पाहिलं. टोन स्वच्छ होता.

"बाई, काल वीज पडली तेव्हा तुम्ही फोनवर होतात?" त्याने हळूच विचारलं.

बाईंनी रिसीव्हर डाव्या कानाला लावला. टोन ऐकू आला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेबांना सांगू नका," त्या पुटपुटल्या.

"झालं का?" साहेबांनी विचारलं.

"फोन मघाशीच झालाय, साहेब. आता गाडी काढा, बाईंना डॉक्टरकडे न्यायचंय."