वापरण्यापूर्वी
केशवर्धक तेल विकण्यात हयात घालवलेल्या काकांनी पहिल्या केमोनंतरची मळमळ सोसली, तोंडाची गेलेली चवही चालवून घेतली, पण सतराव्या दिवशी सगळे केस कंगव्यात आले तेव्हा जाहीर केलं, “दुकान बंद, पुढची केमोही बंद. टकल्याकडून केसांचं तेल कोण घेणार?” बायकोने वाद न घालता त्यांना खिडकीपाशी बसवून तुळतुळीत डोक्याचा फोटो काढला. “हा दुकानात लावू. खाली लिहू, ‘वापरण्यापूर्वी’.” “अगं, ही फसवणूक झाली.” “मग तीस वर्षं काय समाजसेवा चालली होती?” कित्येक दिवसांनी ते खदाखदा हसले. सकाळी दुकानात फोटोशेजारी तिने रिकामी चौकट टांगून खाली लिहिलं, ‘वापरल्यानंतर’. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, “काका, दुसरा फोटो कधी?” त्यांनी बायकोकडे पाहिलं. “अजून पाच केमो घ्यायच्यात,” बाटली गुंडाळत ते म्हणाले, “तोवर तेल नेत राहा.”